घडीचं स्टूल

पाळकसाहेब, तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली आणि आज लिहायला बसलोय ते एका स्टुलावरून. तेच, घडीचं, लोखंडी पायांचं. त्याची कॅनव्हासची बैठक मी आजवर दोनदा बदलून घेतली. येत्या रविवारनंतर ते माझ्याकडे नसेल. आपल्या मंडळीला पुढची पाळक मिळाली आहे, आणि ती आपल्यातच, माझ्या स्वयंपाकघरात तयार झाली आहे. मला इतकं बरं वाटतंय की कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना, आणि हे नीट कळेल असे तुम्हीच.

शिकवणं मला दुसऱ्या कुठल्या पद्धतीनं जमलंच नसतं. पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतली पाळी संपवून मी जयनगरला तुमच्याकडे यायचो, हातांना ऑइलचा वास तसाच. तुम्ही मेथीची जुडी पुढ्यात घेऊन बसायचा आणि म्हणायचा, कर सुरू. जुडी निवडून होईपर्यंत प्रवचन संपलं पाहिजे, हा तुमचा नियम. माझं कधीच संपत नसे. शेवटची काडी बाजूला पडली की तुम्ही सरळ उठून कढई चढवायचा आणि मी उधळ्या पुत्राला घेऊन अजून डुकरांमध्येच. बिचारा कित्येक आठवडे घरी पोचला नाही. मला राग यायचा, पण भाकरी-भाजी खाऊनच निघायचो.

स्टूल तुम्ही आजाऱ्यांच्या भेटीला न्यायचा. आपल्या लोकांच्या एका खोलीच्या घरात खुर्ची एकच, आणि पाळक आला की ती पाळकाला; घरचं माणूस उभं. मला बसमधून ते स्टूल न्यायची लाज वाटायची. तुम्ही पहिल्यांदा मला एकट्याला पाठवलंत तेव्हा मी ते मुद्दाम तुमच्याच दाराआड विसरलो. पीण्याला एका आजाऱ्याच्या खोलीत खुर्चीवर ऐसपैस बसलो आणि पाऊण तास बोललो. आजारी माणसाची बायको, सुजलेल्या पायांची, भिंतीला टेकून उभी होती. तुम्हाला मी सांगितलं, भेट छान झाली. तिसऱ्या दिवशी तुम्ही स्वतः तिथं जाऊन आलात. ओरडला नाहीत. मेथी बाजूला सारून एवढंच म्हणालात, "प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले त्यावर बोललास म्हणे. तिचे पाय दिसले नाहीत तुला?" आणि स्टूल माझ्या हातात दिलंत. पुढे माझ्याकडे जे जे शिकायला आले त्यांना मी ही गोष्ट सांगत आलो. फक्त सुरुवात अशी करायचो, की एक विद्यार्थी होता.

आता हिच्याविषयी. नागपूरची आहे, बेळ्ळंदूरला एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासते, दोन मुलांची आई. चार वर्षं दर शनिवारी सकाळी येते. हंगामात मी अवरेकाळू, म्हणजे इकडचे पावटे, सोलत बसतो. एकेक शेंग सोलायची म्हणजे तिला तुमच्या मेथीपेक्षा जास्त वेळ मिळतो, हे कबूल. तरी ती प्रवचन आधीच संपवते आणि उरलेल्या शेंगा सोलू लागते. पंच कमिटीला मात्र पदवी घेतलेला कुणीतरी बाहेरून आणायचा होता. सगळ्यात अडून बसलेले पंच मला दर रविवारी सांगायचे, स्वल्प विचार करा, पास्टर. गेल्या रविवारी निर्णय व्हायचा होता आणि आदल्या बुधवारी तिला भेटीला जायचं होतं ते नेमकं त्याच पंचांच्या थोरल्या भावाकडे. ते अंथरुणाला खिळलेत.

संध्याकाळी ती थेट माझ्या दारात, हेल्मेट हातात तसंच, डोळे लाल. म्हणाली, प्रार्थना चालू असतानाच ऑफिसचा निरोप आला. तोंडानं प्रार्थना करत एका हातानं तिनं उत्तर टाइप केलं. मान वर केली तर ते म्हातारे गृहस्थ डोळे उघडून तिच्याकडे बघत होते. "बाहेरूनच कुणाला तरी आणा. मी नाही पुरणार."

मी चहा टाकला. मग तिला म्हणालो, "खुर्चीवर बसलेला तो विद्यार्थी मी होतो."

तिनं हातातलं हेल्मेट खाली ठेवलं. मग तिनं विचारलं, "तुम्ही त्या बाईंकडे परत गेलात?"

पाळकसाहेब, हे तुम्हीसुद्धा मला कधी विचारलं नव्हतंत. मी नाही म्हणालो. लाज वाटली, आणि आश्चर्य म्हणजे मोकळंही वाटलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या आधी ती परत त्या घरी गेली, फोन घरी ठेवून. रविवारी कमिटीत मी तोंड उघडण्याआधीच ते पंच बोलले. "अण्णा म्हणतो, तीच पाहिजे. चुकली ते स्वतः येऊन सांगून गेली म्हणे. सरी, ठीक आहे, मग माझं काही म्हणणं नाही." पदवी ती हळूहळू घेईल असं ठरलं. मी घरी येऊन दुपारी दोन तास झोपलो, कित्येक वर्षांत झोपलो नव्हतो असा.

काल तिला स्टूल दाखवलं. तिनं उघडमीट करून पाहिलं आणि विचारलं, हे त्यांनी तुम्हाला भेट दिलं होतं ना? मी हो म्हणालो. खरं तर तुम्ही म्हणाला होतात, महिनाभर वापर आणि आणून दे. नंतर दोनदा मागितलंत आणि दोन्ही वेळा मी सांगितलं की सापडत नाही. ते माझ्या पलंगाखाली होतं. परत दिलं तर मी पुन्हा खुर्चीवर बसेन, अशी भीती वाटायची. तुम्ही नवं विकत आणलंत, पुढच्याच भेटीला माझ्यासमोर उघडलंत आणि म्हणालात, हे मात्र हरवणार नाही, हे मी स्वतः सांभाळणार आहे. तुम्हाला माहीत होतं. रविवारी तिच्या हातात देताना तिला खरं सांगेन म्हणतो. काल मात्र हो म्हणून बसलो.