केसांच्या गोळ्या आणि माझं पळणारं थायरॉईड

माण, हिंजवडीजवळ

ती. सरुआत्याला शालूचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे हायत? आमच्याकडं सगळे बरे. फोनच करणार होते, पण बाबा फोन स्पीकरवर टाकून निम्म्या आळीला ऐकवतात, म्हणून पत्र. नववीत शाळा सोडल्यापासून एवढं पहिल्यांदाच लिहितेय, चुका पोटात घाल.

तुला माहितीय, मी कंपनीच्या कँटीनात चपात्या लाटते. तिथं डोक्याला जाळीची टोपी लागते. एक दिवस टोपी काढली तर निम्मे केस टोपीतच. (उरलेले डोक्यावर थांबले, त्यांचे उपकार.) मग मेडिकलमधनं केसांच्या गोळ्या आणल्या आणि तांदळाच्या डब्यात लपवल्या. पुढं कंपनीत रक्त तपासायचं शिबिर लागलं, त्यात माझं थायरॉईड गरजेपेक्षा जोरात पळतंय असं निघालं. बाबा म्हणाले, "शाळेत हिचं कधी काय वर आलं नाही, हे तरी आलं." कँटीनचे जयसिंगदादा म्हणाले, "थायरॉईड एवढं पळतंय, मग चपात्या का रांगतायत?" मला तर खरंच छातीत धडधडायला लागलं. बाबा मला दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी विचारलं, "दुसरी काही गोळी चालू आहे का?" बाबा शेजारीच. मी मान हलवली, नाही म्हणून. (तेवढ्यात दोन केस टेबलावर पडले.) ते थायरॉईडला लगाम घालायची गोळी लिहायला लागले तेव्हा मी घाबरले, आणि एका चिठ्ठीवर 'केसांच्या गोळ्या खाते' असं लिहून हळूच सरकवली. त्यांनी ती मोठ्यानं वाचली! म्हणाले, त्या गोळ्यांत बायोटिन असतं, त्यानं तपासणीच फसते, थायरॉईड नुसतं पळाल्यासारखं दिसतं. आठवडाभर गोळ्या बंद ठेवून परत तपासलं, सगळं नॉर्मल. धडधड पण थांबली, लबाड कुठली.

केस होते तेवढेच हायत.

तुझी शालू

ता.क. भाऊबीजेला तुला 'ताकदीच्या' म्हणून दिल्या त्या गोळ्या ह्याच. तुझा अंबाडा सुपारीएवढा झालाय हे तोंडावर सांगायची हिंमत नव्हती.

ता.क. आणखी एक. परवा फोनवर म्हणालीस, रिपोर्टात थायरॉईड जास्त पळताना दिसलं म्हणून डॉक्टरांनी तुझी मंद थायरॉईडसाठीची रोजची गोळी निम्मी केली, आणि आता दिवसभर झोप येते, थंडी वाजते. ते ऐकल्यापासून माझी झोप गेलीय. आत्या, त्या ताकदीच्या गोळ्या आजच बंद कर. थायरॉईडची गोळी मात्र आपल्या मनानं वाढवू नको, आधी डॉक्टरांना सांग. सांगायला लाज वाटली तर माझीच चिठ्ठी सोबत घातलीय, ती दे. फक्त मनात वाचा म्हणावं.