तेवढेच ऐकू येतात

१२ जून
आले एकदाची. खोली लहान आहे, पण नळ आतच आहे आणि खिडकीतून ऊन येतं. कारखाना समोरच, पत्र्याचे डबे बनवणारा. झाकणं ठोकणारी प्रेस अशी दणदणते की दात हलतात. माझं काम ती झाकणं थिनरमध्ये बुडवून त्यांचं तेल काढायचं. इथल्या बायका नुसत्या ओठांनी बोलतात, ओठांनीच चहाड्या करतात. माझ्या शेजारी बसते तिला सगळे थोरली म्हणतात. तिने मला कानात घालायला कापूस दिला. म्हणाली, 'यानं होत काही नाही, पण मनाला बरं वाटतं.' मी पोट धरून हसले.
संध्याकाळी लेकीला फोन केला. मामाकडे राहून शिकते ती. म्हणाली, आई, ओरडतेस कशाला, मी काय बहिरी आहे?

३० जुलै
कानात रातकिडे बसलेत. काम सुटलं तरी उठत नाहीत. फोनवर लेकीचं बोलणं पाण्याखालून आल्यासारखं वाटतं. डॉक्टर म्हणाले, दणका आणि थिनरची वाफ दोन्ही मिळून कान लवकर खातात, काम सोडा. मी विचारलं, सोडून खाऊ काय? ते चिठ्ठी लिहीत राहिले.

१८ सप्टेंबर
दूध उतू गेलेलं वासावरून कळलं. मग मुद्दाम ताट जमिनीवर टाकून पाहिलं. गरगरलं, थांबलं. काहीच नाही.
लेक आता मेसेज करते. मी ते तिच्या आवाजात वाचायचा प्रयत्न करते. आवाज नीट आठवत नाही.

५ ऑक्टोबर
आज ऐकू आलं. कामावर, प्रेस चालू असताना, अगदी मागून. पुरुषाचा आवाज, जरा घोगरा. 'ताई, पाणी आहे का थोडं?' शब्द न् शब्द स्वच्छ. मी आनंदाने वळले. मागे भिंत होती.

६ ऑक्टोबर
थोरलीला सांगितलं. तिचा चेहरा उतरला. माझ्या हातावर हात ठेवून, मला ओठ वाचता येतील असं सावकाश बोलली. तो फिटर. प्रेसमध्ये सापडून गेला, मी यायच्या आधी. सगळे ओरडले होते, त्याला ऐकू गेलं नाही. पाणी नेहमी असंच मागायचा.
तिलाही येतो तो आवाज. म्हणाली, कान गेले की तेवढेच ऐकू येतात. गेलेले.
मी म्हटलं, काहीतरीच. पण घरी येताना सारखी मागे बघत होते.

२१ नोव्हेंबर
सकाळी कामाला बसले. थोरलीची जागा रिकामी. तेवढ्यात तीच मागून म्हणाली, 'सरक गं जरा.' तिचा आवाज मी कित्येक दिवसांत ऐकला नव्हता. मला रडूच आलं, कान परत आले म्हणून. सरकले. कुणी बसलं नाही.
दुपारी मुकादमाने पाटीवर खडूने लिहिलं. थोरली पहाटे घरीच वारली.

२२ नोव्हेंबर
लेकीला सगळं लिहिलं. वेडी म्हणेल वाटलं होतं. तिने एवढंच लिहिलं: सामान बांधून ठेव. परीक्षा संपली की न्यायला येते.

१० डिसेंबर
काम सोडलं. पिशव्या बांधून दाराशी ठेवल्यात. लेक सकाळी बसमध्ये बसली. घाटाच्या अलीकडून मेसेज आला, जेवायला एकत्र बसू.
भात टाकलाय. ती चारपर्यंत यायची होती. पाच वाजले. माझे मेसेज तिने उघडलेले नाहीत. घाटात रेंज नसते. नसतेच.

आली. दाराबाहेर आहे. 'आई, दार उघड ना, केव्हाची हाका मारतेय.'
तिचाच आवाज. लहानपणी दमली की असाच—

किती स्वच्छ ऐकू येतंय—

नाही. कान सुधारले असतील. काम सोडलं ना. सुधारतात माणसांचे. ताट टाकून पाहिलं—

गरगरलं, थांबलं.

फोन टेबलावर थरथरतोय. अनोळखी नंबर. उचलला तरी मला त्यांचं बोलणं— पुन्हा थरथरतोय— ती म्हणतेय, फोन राहू दे आई, आधी दार उघड, मला इथे थंडी—

उठते मी. लेकरू बाहेर उभं आहे आणि मी इथे लिहीत—