उसवलेले लाल टाके

वराळे,
४ ऑक्टोबर २०२५

ती. चंपामावशीस,

प्रतीक्षाचा सविनय जयभीम. तुमच्या डोंगरात फोनला रेंज नाही आणि तुझ्या भाचीला बोलल्याशिवाय राहवत नाही, म्हणून हा कागद.

सखारामभाऊंच्या दुधाच्या गाडीवर पट्ट्याचं एक बंडल पाठवलं आहे. दोरीने तुझ्या तानी म्हशीची मान सोलवटली असं तू म्हणालीस, तेव्हापासून माझ्या डोक्यात होतं. हा आमच्याच मागावर विणलेला निळा पट्टा. उंचावर काम करणारी माणसं हा कमरेला बांधतात.

मी आता क्यूसीत आहे, म्हणजे माल तपासते. प्रत्येक लॉटमधला एक तुकडा कापायचा, मशीनच्या दोन जबड्यांत धरायचा आणि तुटेपर्यंत ओढायचा. कितीला तुटला ते मशीन सांगतं. हा लॉट लागतं त्याच्या पाव वजनालाच तुटला. रंग पक्का करायला पट्टा भट्टीतून काढतात. त्या पाळीला भट्टी जास्त तापली आणि धागा आतून जळाला. वरून काही म्हणजे काही दिसत नाही, मलासुद्धा डोळ्यांनी ओळखता येत नाही. म्हणून हाता-हातावर लाल टाका घालतात. लाल टाका म्हणजे रद्दी. यावर माणूस टांगायचा नाही, म्हैस बांधायची.

नियमाने रद्दीचे वीतभर तुकडे करूनच बाहेर द्यायचे असतात. पण वीतभर दाव्याने तू म्हैस कशी बांधणार? म्हणून अखंडच पाठवलं. सुपरवायझरने पाहून न पाहिल्यासारखं केलं.

गौरवदादाला सांग, लग्नाचं आता मनावर घे म्हणावं. तुझी माया आहेच, ती अशीच उतू जाऊ दे.

तुझी,
प्रतीक्षा

*

आंदर मावळ,
९ ऑक्टोबर

चि. प्रतीक्षास,

मावशीचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद. बंडल मिळालं. तानी निळ्या पट्ट्यात नव्या नवरीसारखी मिरवते आहे. शेजारची कस्तुराबाई दोनदा येऊन बघून गेली. मलाही एक दे म्हणत होती, मी ऐकू न आल्यासारखं केलं.

परवा आमचा गौरव दोन दिवसांच्या सुट्टीवर घरी आला होता. लोणावळ्याला दरीवर तार बांधून माणसं इकडून तिकडे सोडतात ना, तिथे तो आता मुख्य झाला आहे. पाहुण्यांना पट्टे चढवायचे आणि पलीकडे धाडायचे, हे त्याचं काम. बंडल बघून तो उडालाच. त्यांच्याकडे हाच निळा पट्टा आहे, पण झिजून त्याचे धागे सुटलेत आणि मालक नवे आणायला आज-उद्या करतो, असं म्हणाला. जाताना उरलेलं सगळं घेऊन गेला. म्हशीला एवढा भारी पट्टा, गाढवाला गुळाची चव काय, असं म्हणून मलाच हसला.

लाल टाके तेवढे उसवून दे म्हणाला, पाहुण्यांना बरं दिसत नाही. तू त्या टाक्यांचं लिहिलं होतंस ते मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, कंपन्यांचे नखरे असतात, पट्टा तर नवा कोरा आहे. मग दोन दुपारी ओट्यावर बसून मी सगळे उसवले. एक दोराही राहू दिला नाही. माझे डोळे अजून चांगले आहेत हो!

तब्येतीला जप. मायेला अंतर देऊ नकोस.

तुझी मावशी

*

वराळे,
१२ ऑक्टोबर

ती. मावशीस,

सविनय जयभीम. तुझं पत्र आत्ता वाचलं.

दादाला लगेच फोन केला. तो हसला. म्हणाला, स्वतः लोंबकळून पाहिलं, काही झालं नाही. मावशी, हे तसंच असतं गं. आतून जळालेला पट्टा दहा वेळा धरतो. अकराव्यांदा नुसत्या हिसक्याने सुटतो, आणि खाली दरी आहे.

मी रागावले, रडले, तो काही ऐकेना. त्यात पाहुणे आले म्हणून त्याने फोन ठेवला. तू त्याची आई आहेस, तुझं ऐकेल. ते पट्टे काढून जाळायला सांग. तुकडे न करता मी पाठवले, ही चूक माझी आहे. मला झोप नाही.

माया करण्याजोगी मी राहिले असेन तर कर.

प्रतीक्षा

*

आंदर मावळ,
१८ ऑक्टोबर, शनिवार संध्याकाळ

चि. प्रतीक्षास,

जयभीम. तुझं पत्र गुरुवारी मिळालं आणि त्याच दिवशी तानी कुत्र्याला बुजली आणि तिने एकच हिसका दिला. तुझा पट्टा मधोमध तुटला. तुटलेलं टोक हातात घेऊन मी तडक लोणावळा गाठलं आणि गौरवच्या पुढ्यात टाकलं. त्याने ते उलटून पालटून पाहिलं. तो लगेच पट्टे काढायला गेला.

पण काढणार कोणते? मालकाने मधल्या काळात तुमच्याच कंपनीचे नवे आणले आहेत. तेही निळेच. सगळे एका पेटीत, सगळे सारखे. लाल टाके असते तर आंधळ्यालाही कळलं असतं. ते मी उसवले, एक दोराही राहू दिला नाही.

सगळेच फेका, असं मी मालकाला हात जोडून म्हणाले. सुट्टीची गर्दी तोंडावर, तार बंद ठेवायची नाही, असं तो म्हणाला. मग त्याने तोडगा काढला. रविवारपासून रोज सकाळी पेटीतला एकेक पट्टा आधी गौरवने स्वतः बांधायचा आणि दरीवरून फेरी मारायची. जो टिकेल तो पाहुण्यांना. गौरव हो म्हणाला. पट्टे मीच आणले, तर मीच बघतो, असं म्हणाला. तुमचं ते तुटेपर्यंत ओढायचं मशीन, प्रतीक्षा, ते त्या मालकाने माझ्या लेकाचं केलं गं.

माझ्या शब्दाला काही किंमत उरली नाही. पण हात आहेत. विळ्याला धार लावून ठेवली आहे. चांगला-वाईट बघायचा नाही, पेटीतला एकेक पट्टा वीतभर कापायचा. तूही कात्री घेऊन ये.

सकाळी हे पत्र सखारामभाऊंच्या हाती देईन आणि त्याच गाडीत बसेन. कान्ह्याच्या स्टेशनवर उतरून लोणावळ्याची गाडी धरेन, सगळे मिळून दोन तास लागतात. मायेचं पुढे बघू.

गौरवची पहिली फेरी उद्या सकाळी आठला आहे. दुधाची गाडी इथून सातच्या आधी निघत नाही.

तुझी मावशी