सेइनीचा आवाज

नेइआफू, टोंगा
बुधवार

प्रिय पेलेनाइसे,

तुझा मामा उद्या ऑकलंडला येतोय, त्याच्या हाती हे पत्र देते आहे.

सेइनीला जाऊन तीन महिने झाले. मी अजून काळेच कपडे घालते, कमरेला गुंडाळायची शोकाची चटईही सोडलेली नाही. काल लोसालिने बाई घरी आल्या होत्या. सेइनीचा टॅबलेट सोमवारी शाळेला परत द्यायचा आहे. पहिलीत एक मुलगी आली आहे, सेइनीसारखंच तिलाही बोलता येत नाही. आतला आवाज पुसायचा की ठेवायचा, ते तुम्ही सांगा, असं बाई म्हणाल्या. मी त्यांना नुसता चहा दिला.

तो टॅबलेट नवा आला तेव्हाचा तुमचा वर्ग तुला आठवत असेल. सेइनी चित्रावर बोट ठेवायची आणि आतून एक मोठी बाई इंग्रजीत पाणी मागायची. सेइनीच्या पोटात गोरी बाई बसलीय, असं सेमिसी सगळ्यांना सांगत सुटला होता. आठवडाभरात तिने चित्रांना हात लावणंच सोडलं. मग बाईंनी टोंगन शब्द भरायचे ठरवले, आणि आवाज तिच्या बहिणीचा, म्हणजे तुझा. शाळा सुटल्यावर दोन दिवस बसून तू सगळी यादी बोललीस. यादीत नसलेलं एक वाक्य तू तुझ्या मनाने घातलंस, "ए, सरक की तिकडे." बाई ते काढणार होत्या, पण वर्गाने काढू दिलं नाही. सेइनीने सगळ्यात जास्त तेच वापरलं. एकदा चर्चमध्ये पाद्रीबुवांना म्हणाली. मला मान वर करवेना. ते मात्र निमूट सरकले.

तू ऑकलंडला गेल्यावरही घरात दिवसभर तुझाच आवाज असायचा. मला तो कधी तुझा वाटला नाही. भूक लागली म्हणायची ती सेइनी, आई म्हणायची तीही सेइनीच. शेवटच्या तापात तिच्या बोटात जोर नव्हता. मी टॅबलेट तिच्या हाताखाली धरायचे. "आई"चं चित्र सोडून इतर कुठल्या चित्राकडे ती गेली नाही.

तिला पुरल्यानंतर तू तीनदा फोन केलास. तिन्ही वेळा मी उचलला. आपल्याकडे मावशीला आईच म्हणतात, तसं तू "आई" म्हणालीस, आणि मी फोन ठेवला. लाइन खराब आहे, असं तुझ्या आईला मी सांगितलं. लाइन चांगली होती. चौथ्यांदा तू केला नाहीस. तुला काय वाटलं असेल, याचा विचार मी फार उशिरा केला. तुझं काही चुकलं नव्हतं, पोरी. आवाज तुझा आहे, म्हणून तुलाच विचारायला हवं. त्या नव्या मुलीला तो देऊ का? उत्तर लिहून पाठवू नकोस. रविवारी चर्चहून आल्यावर फोन कर, आणि आई म्हण. मी फोन ठेवणार नाही.

तुझीच,
कालोलाइने आई