दुपारची राख

आत्याबाई, पहिली आली ती तुमची लाडकी भाची आणि सून, म्हणजे माझी धाकटी जाऊ. साहेबांच्या जीपचा धुरळा जळोचीच्या वाटेवर अजून दिसतही नव्हता, तेवढ्यात ही बाई पदर खोचून माझ्या वांग्यांच्या बांधावर हजर. मी म्हटलं, "काय गं, सकाळी सकाळी वाट चुकलीस व्हय?" तर म्हणते कशी, "अक्का, सायेब तुमचा मळा बघाया येणार हायेत म्हणं. म्हटलं च्यापाण्याला हात लावीन." हात लावीन! लग्न होऊन तीस वर्षं झाली, माझ्या चुलीला तिनं बोट लावलं नाही, कारण तुम्ही लावू दिलं नाही. तिच्यामागून सायकल रेटत ग्रामसेवक आला, आणि मग जीप. जीपमधून शेतकी खात्याचे साहेब उतरले, पायात बूट, डोक्यावर टोपी, आणि माझ्या वाफ्यात पाय टाकायच्या आधी बूट काढून ठेवले. तिथंच मला माणूस पसंत पडला. एवढी माणसं, आणि सगळी माझी वांगी बघायला आलेली! मला इतका आनंद झालाय की कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना. घरात सांगावं तर सगळे म्हणतात म्हातारी चढली. म्हणून नातीच्या वहीचं पान फाडून तुम्हाला लिहिते. मी दुसरीपर्यंतच शिकलेली, अक्षर वाकडंतिकडं आहे, पण तुम्हाला तर वाचताच येत नव्हतं, तेव्हा नावं ठेवायची सोय नाही.

साहेब का आले ते कळायला आधी पावडरीचं सांगायला हवं. तुम्ही गेल्यावर पुष्कळ वर्षांनी ती आली. पांढरी, पिठासारखी, वास एकदा नाकात बसला की दिवसभर हटत नाही. आधी हिवतापाची माणसं ती पाण्यात कालवून घराघराच्या भिंतींवर मारून गेली. डास गेले, हे खरं ते सांगितलं पाहिजे. वस्तीवरची पोरं त्या सालापासून हुडहुडायची थांबली. पण ढेकूण होते तस्सेच, उलट माजले, आणि धाकटीचं मांजर तेवढं तंगड्या वर करून मेलं. ती रडली. मी तोंडात पदर कोंबून हसले. मग तीच पावडर मळ्यात मारायला मिळू लागली, तर धाकटी सगळ्यांच्या पुढं. पहिल्या वर्षी तिची वांगी अशी आली की गुरुवारच्या बाजारात बारामतीला गिऱ्हाईक माझी पाटी ओलांडून तिच्याकडं जाई. चार बायकांच्या देखत मला म्हणाली, "अक्का, तुमी अजून अळ्याच येचताय का? बोटं झिजली की हो." आत्याबाई, ते वाक्य मी दोन वर्षं जपून ठेवलं. दुसऱ्या वर्षी तिला पावडर दुप्पट लागली. आणि यंदा तिच्या मळ्यात डोळ्यांना जेमतेम दिसणारे तांबडे कोळी असे पडलेत की सगळी पानं तांब्याच्या जुन्या भांड्यासारखी झालीत. फळ धरतं ते सुपारीएवढं, तेही किडकं. मी रोज पाण्याला जाताना मुद्दाम तिच्या बांधावरून जाते. लांब पडतं, पण जाते.

तुमचा धाकटा गेल्याला सात वर्षं झाली. तेव्हापासून ती वीस गुंठे वांगी हेच काय ते तिचं स्वतःचं. त्यावर ती वेगळी चूल राखून आहे. आता तुमच्या थोरल्यानं सांगून टाकलंय, हा बहर गेला तर तो तुकडा नांगरून आमच्या उसात घ्यायचा आणि तिनं आमच्यात येऊन जेवायचं. आमच्यात म्हणजे माझ्या हाताखाली. तुमची भाची, जिला तुम्ही कधी शेणात हात घालू दिला नाही, ती माझ्या चुलीपुढं बसून मला विचारणार, अक्का, भाकरी किती थापू. हे मनात आलं की मला झोपेतसुद्धा हसू येतं.

आणि मी कुठं शिकले सगळं? तुमच्याच हाताखाली. मी दहा वर्षांची, परकर पायात अडकणारी, आणि तुम्ही मला वांग्यात उभी करता. पाठीवर ठिपके असलेले तांबडे किडे दिसले म्हणून मी हौसेनं ओंजळभर चिरडून तुम्हाला दाखवायला आणते. तुम्ही माझी ओंजळ उलटी करून बघता आणि माझ्या कानाखाली वाजवता. "चकचकीत असतो तो आपला राखणदार, बारीक किडं खाऊन जगतो. मळकट, लव असलेला, तो पानं खातो. राखणदार मारलास, आता तू राखण कर." त्या दिवशी ऊन डोक्यावरून उतरेपर्यंत मी वाफ्यात उकिडवी बसून होते. पाण्याची घागर बांधावर होती आणि तुम्ही घागरीजवळ. खरं सांगते, मी त्या किड्यांची तोंडं अजून ओळखते. पावडरीला मात्र चकचकीत काय आणि मळकट काय; तिनं दोन्ही मारले, मळकट परत आले.

आणि राखेचं. तुम्ही मला सांगितलं होतं, चुलीतली ताजी राख घे, दुपारी पाणी शिंपड आणि वरून पसाभर टाक. मी टाकली. दोन दिवसांत कोवळे शेंडे करपून काळे पडले. तुम्ही सगळ्या भावकीला बोलावून दाखवलंत, बघा, माहेरनं काय शिकून आलीय. तुम्ही काय सांगितलं होतं ते मी बोलले नाही. बोलले असते तरी कुणी ऐकलं असतं? पुढच्या वर्षी पहाटे परसाकडला उठले तेव्हा दिसलं: दंव पडलेलं, तुमच्या हातात चाळण, राख आठ दिवस ठेवून गार झालेली, आणि तुम्ही चिमटीनं, भाकरीला पीठ लावावं तशी भुरभुरवत होतात. मी बाभळीआडून बघत राहिले. तसं शिकले. चार वर्षांनी एक दिवस तुम्ही ती चाळण माझ्यापुढं टाकलीत. दागिना दिला असता तर एवढी रडले नसते. धाकटीला तुम्ही कधी मारलं नाही, म्हणून कधी शिकवलंही नाही.

तर आज साहेब वाफ्यात बसले आणि एकेक पान उलटून बघायला लागले. म्हणाले, "आजी, तुम्ही पावडर मारत नाही असं कळलं. मग वांगी इतकी स्वच्छ कशी?" मी म्हटलं, "तुमच्या पावडरीला माझ्या मळ्याची वाट गावली न्हाय, सायेब." ग्रामसेवक फिस्सकन हसला. साहेब मात्र हसले नाहीत. म्हणाले, परदेशातसुद्धा हीच रड आहे. कापसावर मारतात, पहिल्या साली कीड मरते, पुढं मरत नाही, मग जास्त मारतात, मग ओढ्यातले मासे मरून वर येतात. "आम्हीच लोकांना पावडर घ्या म्हणून सांगितलं. आता कमी करा म्हणायचं तर त्याच्याऐवजी काय करा, ते आम्हाला ठाऊक नाही. म्हणून विचारायला आलो." शिकलेला माणूस, आणि असं तोंडावर कबूल करतो! मी त्यांना राखणदार किडे दाखवले, चकचकीत आणि मळकट हातावर ठेवून दाखवले. वाळलेला शेंडा खुडून, चिरून आतली अळी दाखवली. ते सगळं वहीत लिहीत होते. मला वाटलं मीच मास्तरीण.

मग धाकटी पुढं आली. चहाची कपबशी तिच्या हातात तशीच. साहेबांच्या देखत माझ्या पायाशी बसली आणि म्हणाली, "अक्का, मी तवा लई बोलले तुमाला. चुकलं. पर माझा मळा वाचंल असं कायतरी सांगा. हा बी गेला तर मी कुठं जाऊ?" तिचे केस सगळे पिकलेत, आत्याबाई. माझ्या आधी पिकलेत. मी तिच्याकडं बघितलं आणि गोड आवाजात म्हणाले, "अगं, त्यात काय. चुलीतली ताजी राख घे. दुपारी पाणी शिंपड, आणि वरनं पसापसा टाक."

तोंडातून निघालं तेव्हा ऐकू आला तो तुमचाच आवाज. तिनं माझे पाय धरले. "उद्याच टाकते," म्हणाली. आणि एवढ्यात साहेबांनी विचारलं, "दुपारी म्हणजे किती वाजता, आजी?" ते तिथं आहेत हे मी विसरलेच होते. पेन्सिल उचलून वाट बघत होते. काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "सावली पायाखाली आली की." त्यांनी ते लिहिलं आणि खाली रेघ ओढली. म्हणाले, हे लासुर्ण्यापासून इंदापुरापर्यंत सगळ्या बायकांना सांगायचंय, फार सोपं आहे, खर्च काही नाही.

तेव्हापासून माझा आनंद थोडा वाकडा झालाय, पण गेला नाही, हे तुमच्यापाशी खोटं का बोलू. धाकटीचं घर इथून हाकेच्या अंतरावर आहे. दिवस अजून मावळला नाही. ती दारात बसून राख गोळा करतेय, मला इथून दिसतेय. दोनदा मान वर करून माझ्याकडं बघून हसली. हाक मारली तर येईल. हा कागद मी नातीला दाखवणार नाही, ती कारटी चावडीवर वाचून दाखवील. गोधडीच्या अस्तरात घालून टाके मारीन. मघाशी सून म्हणाली, आत्या, धाकट्या आत्यांकडं जाऊन येता का, त्यांनी बोलावलंय. मी म्हटलं गुडघे दुखतायत. गुडघे आज दुखत नाहीत, आत्याबाई. आज शुक्रवार. साहेब लासुर्ण्याच्या बायका घेऊन सोमवारी धाकटीचा मळा बघायला येतो म्हणालेत, न्याहारीच्या वेळेला.