दिवसाची चित्रं ठेवायची का?

कोहका, भिलाई
९ ऑक्टोबर

प्रिय सुमेध,

फोनवर तू "हो आई, हो आई" म्हणतोस आणि मागे तुझी मीटिंग सुरू असते. म्हणून हे पत्र. पत्र म्यूट करता येत नाही. शेवटपर्यंत वाच, आणि गीतांजलीलाही वाचून दाखव. मधलं गाळायचं नाही. तुझी गाळायची सवय मला तिसरीपासून माहीत आहे.

पहिली बातमी. हॉलमधल्या शोकेसवर तू बसवून गेलास तो कॅमेरा बिघडलेला नाही. त्याच्यावर मी बाबांचं स्टील प्लांटमधलं पिवळं हेल्मेट ठेवलंय. गेल्या रविवारी सोफ्यावर पाय वर घेऊन चिवडा खात होते, तर शोकेसमधून तुझा आवाज आला, "आई, त्यात मीठ फार असतं गं." माझ्या हातातली वाटी पडता पडता राहिली. एकतीस वर्षं मी भूगोल शिकवला, एका वेळी पन्नास पोरांवर नजर ठेवली, पण डबा खाणाऱ्या पोराला कधी टोकलं नाही. हेल्मेट अगदी बरोबर बसलं. बाबांच्या डोक्यात आणि तुझ्या कॅमेऱ्यात हट्टाचं माप एकच असावं.

दुसरी बातमी अशी की मीही एक कॅमेरा लावलाय. गच्चीवर. तो माझ्याकडे बघत नाही, वर बघतो. उताणा पडून सबंध आकाश एका गोल चित्रात घेतो, दर मिनिटाला एक. एक इवलासा कॉम्प्युटर, माशाच्या डोळ्यासारखं फुगीर भिंग, वर काचेसारखा पारदर्शक घुमट, आणि हे सगळं पांढऱ्या पाइपच्या डब्यात. डबा शेजारच्या हिरालालजींनी करून दिला. प्लांटच्या इन्स्ट्रुमेंट विभागातून निवृत्त झाल्यापासून ते घरातली घड्याळं उघडून बसतात, त्यामुळे त्यांच्या बायकोने मला दोनदा धन्यवाद दिले. डबा बसवायचं काम त्यांचं. त्याला अक्कल शिकवायचं काम माझं.

ही अक्कल शिकवणं सोपं नाही. दिवसाचं आकाश आणि रात्रीचं आकाश यांना एका मापाने बघता येत नाही. दिवसा भिंगाने सेकंदाच्या हजाराव्या भागापुरता डोळा उघडायचा, रात्री वीस वीस सेकंद उघडा ठेवायचा. दोन्हींचे आकडे वेगळे भरावे लागतात, आणि दिवस कुठे संपला हे यंत्राला कळावं म्हणून आपण पृथ्वीवर कुठे राहतो तेही सांगावं लागतं. मग ते स्वतःच सूर्याचा हिशेब करतं. सूर्य क्षितिजाखाली सहा अंश गेला की रात्र.

मी सगळं भरलं आणि दोन दिवस दिवसाची चित्रं पांढरीफटक, रात्रीची काळीकुट्ट. हिरालालजी म्हणाले, "भाभीजी, कैमरा ही खराब है, वापस भेज दो." मी म्हटलं, थांबा. रेखांशाच्या रकान्यात नमुन्याचा आकडा होता, त्यापुढे पश्चिमेचं अक्षर. मी आकडा बदलला आणि अक्षर तसंच ठेवलं. म्हणजे यंत्राच्या लेखी मी क्यूबाच्या दक्षिणेला समुद्रात राहत होते, आणि आपल्या भर दुपारी ते मध्यरात्र समजून वीस सेकंद डोळा वटारून बसत होतं! पूर्व-पश्चिम चुकली म्हणून किती पोरांना मी वर्गाबाहेर उभं केलं असेल! त्या संध्याकाळी मी स्वतःहून दहा मिनिटं गच्चीच्या दाराबाहेर उभी राहिले. हिरालालजींनी विचारलं, "क्या हुआ?" मी म्हटलं, शिक्षा.

चूक सुधारल्यावर रात्री स्वच्छ आल्या. पण एक गंमत बघ. गोलाच्या एका कडेला नारिंगी रंगाची कमान येते, थोडा वेळ राहते, विझते. तुला ओळखू येईल. आपण प्लांटच्या कॉलनीत, सेक्टरच्या क्वार्टरमध्ये होतो तेव्हा भट्टीतला वितळलेला मळ ओतला की अर्धं आकाश पेटायचं, आणि तू गच्चीत रडायला लागायचास, सूर्य परत आला, उद्या शाळा लवकर भरणार म्हणून. बाबा म्हणायचे, "कावून रडून राहिला बे? सूर्य नाही आला, स्लॅग टाकून राहिले. झोप तू." त्या यंत्रालाही पहिल्या रात्री तसंच वाटलं. उजेड वाढला म्हणून डोळा बारीक करून बसलं, बाकीचे तारे गेले. मी त्याचा हा आपोआप घाबरण्याचा पर्याय बंद केला. भिलाईत राहायचं तर स्लॅगला घाबरून चालत नाही.

आता तू म्हणशील, आई विषय टाळतेय. टाळत नाही, तिथेच येतेय. दिवाळीला येऊन घराला कुलूप लावायचं आणि मला पुण्याला घेऊन जायचं, हे तू आणि गीतांजलीने ठरवलं. माझी खोली रंगवून झाली, असं माझ्या नातीने, उर्वीनेच मला फोनवर सांगितलं. रंग कोणता ते मात्र मला कुणी विचारलं नाही. क्वार्टर सोडायची वेळ आली तेव्हा बाबा तीन महिने कोहक्यातल्या या जमिनीवर रोज सायकलने येऊन विटांवर पाणी मारून जायचे. मी काही त्या विटांची पूजा करत नाही. पण माझा चहा मी कधी प्यायचा हे मी ठरवते, आणि ते ठरवण्याची जागा हीच आहे. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर सांगायच्या, उत्तर येत असेल तर उभं राहून सांगावं, बाकाखाली पुटपुटू नये. म्हणून उभी राहून सांगते, मी येणार नाही.

पण तुझी भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही, कारण खोटं मी बोलले होते. ऑगस्टमध्ये मागच्या अंगणात, धुण्याच्या दगडापाशी शेवाळावरून पाय घसरला, तेव्हा मी तुला सांगितलं की दहा मिनिटं बसून राहिले आणि उठले. दहा मिनिटं नव्हती, सुमेध. सकाळी साडेसातला पडले आणि दीडला हिरालालजी पेपर परत द्यायला आले. दार उघडेना म्हणून त्यांनी भिंतीवरून डोकावलं. सहा तास मी उताणी होते. हाक मारली, पण पलीकडे बोअरिंगचं मशीन चालू होतं. कंबर हलेना. वर फक्त आकाश. सूर्य पेरूच्या फांदीतून निघून टाकीच्या वर गेला आणि ऊन पावलांपासून कपाळापर्यंत चढत आलं. रडायला आलं नाही. राग आला. सबंध सकाळ माझ्यावरून निघून गेली आणि कुणालाच ती दिसली नाही, याचा राग.

यंत्र लावताना शेवटी एक प्रश्न येतो: दिवसाची चित्रं ठेवायची का? बहुतेक लोक नाही म्हणतात. हिरालालजीही म्हणाले, "दिन में क्या देखोगी भाभीजी? सूरज ही तो है." मी हो केलं आणि कारण त्यांना सांगितलं नाही. तुला सांगते.

प्लांटची धूळ तुला माहीत आहे. रात्रभरात घुमटावर काळपट तांबूस थर बसतो, तो रोज पुसावा लागतो. गच्चीच्या अठरा पायऱ्या चढायला डॉक्टरांनी परवानगी दिली आहे, कठडा हिरालालजींनी बसवलाय, आणि अंगणातला तो दगड मी उचलून टाकायला लावलाय. रोज सकाळी साडेसातला मी वर जाते आणि ओल्या फडक्याने घुमट पुसते. सोबतच्या चिठ्ठीवर वेबसाइटचा पत्ता आहे. पासवर्ड म्हणजे तुझे दहावीचे भूगोलाचे मार्क. तू विसरला असशील, मी नाही. साडेसातचं चित्र उघड. आकाशाच्या मधोमध एक भलामोठा हात दिसेल, बाबांच्या जुन्या पिवळ्या शर्टाचं फडकं घेतलेला. पावणेआठपर्यंत तो दिसला नाही तर हिरालालजींना फोन कर, किल्ली त्यांच्याकडे आहे. आठला नाही, पावणेआठला. आणि हात दिसला, तर त्या दिवशी मीठ, साखर, पुणे, काही विचारायचं नाही. दिवाळीला तिघंही या. हेल्मेटखालचा तुमचा कॅमेरा परत घेऊन जा, कुलूप मात्र आणू नका.

तुझीच, पण राहते कोहक्यात,
आई