एकतीस अंगणं आणि एक ऑइल सील

३ ऑक्टोबर २००९, शनिवार. दुपारी ४ वाजून १० मिनिटे.
शेडमध्ये ट्रॅक्टरखाली उताणा पडून लिहितो आहे. पुलीच्या मागून तेल गळतं आहे. घड्याळ लावून मोजलं. दर अकरा सेकंदांना एक थेंब. दोन नाकावर घेतले, म्हणजे जागा नेमकी कळली.

आज ट्रॅक्टरच्या पुलीवर पट्ट्याने चालणारी करवत घेऊन देसांका काकूंच्या अंगणात सरपण कापायला गेलो होतो. आजोबा गेल्यानंतरचं माझं पहिलं अंगण. आठव्या मिनिटाला तेल पट्ट्यावर आलं, पट्टा घसरला, करवत थांबली. पट्ट्याने उडवलेलं तेल काकूंनी वाळत घातलेल्या चादरींवर गेलं. चार चादरी आणि एक अभ्रा (फक्त कोपरा). काकू म्हणाल्या, बाळा, तुझ्या आजोबांचा ट्रॅक्टरही गळायचा, पण तो खाली गळायचा.

मग शेजारचा विटोमीर आपली करवत घेऊन आला आणि त्याने तीन वाजायच्या आत सगळं कापून दिलं. वर काकूंना म्हणाला, पोराला रागावू नका, शिकेल हळूहळू. सगळ्यांच्या देखत. मी चोवीस वर्षांचा आहे. अपमान क्रमांक एक.

आजोबांच्या वहीत एकतीस अंगणं आहेत. त्यांनी ती अडतीस वर्षं सांभाळली. आमच्या डोंगरातली माणसं न्हावी बदलतील, पण करवतवाला बदलत नाहीत. यंदा ज्याने कापलं त्यालाच पुढच्या वर्षी बोलावणार. म्हणजे आता जे अंगण जाईल ते कायमचं जाईल, आणि त्याबरोबर आमचं हिवाळ्याचं उत्पन्न.

निश्चय: मित्रोवदानच्या सणाच्या आत, म्हणजे ८ नोव्हेंबरच्या आत, पुलीमागचं तेल अडवणारं सील बदलून उरलेली तीस अंगणं कापायची. मग विटोमीर माझ्या दारात काम मागायला येईल. मी म्हणेन, विचार करून सांगतो.

५ ऑक्टोबर, सोमवार.
शहरात ओब्रेनच्या सुट्या भागांच्या दुकानातून सील आणलं. ३८० दिनार. ओब्रेनने विचारलं, जुनं सील कशाने गेलं ते बघितलंस का? गळण्याने गेलं, मी म्हटलं. त्याने पैसे मोजून घेतले.

तंत्रशाळा मी दुसऱ्या वर्षी सोडली असली तरी सील आम्हाला होतं. पान अठ्ठ्याऐंशी. मी पान ऐंशीपर्यंत होतो. रोख कळला होता.

६ ऑक्टोबर.
सील बसवलं. साडेसहा तास. शाफ्टला आधी बारीक पॉलिश कागद, मग तेलाचं बोट, मग लाकडी ठोकळा ठेवून हलके चोवीस ठोके. सीलचा रबरी ओठ आतल्या बाजूला, तीनदा तपासला.

सगळा ट्रॅक्टर पुसला. तसा तो मे महिन्यातच मी लखलखीत केला होता. सगळे बोल्ट रंगवले होते. इंजिनाच्या डोक्यावर वाफेची नळी आहे, तिच्या तोंडाला आजोबांनी भोकं पडलेला लोकरी मोजा बांधला होता. शिसारी येईल असा. तोही तेव्हाच काढून जाड प्लास्टिक लावलं होतं, वर तारेचे चार वेढे. आता भुशाचा कणही आत जात नाही. आजोबा माणूस मोठे होते, पण टापटीप नव्हती.

९ ऑक्टोबर, शुक्रवार.
चाचणी. वीस मिनिटं कोरडं. एकविसाव्या मिनिटाला थेंब.

माझ्या कामात चूक नाही. म्हणजे कोणीतरी हात घातला. कोणी ते उघड आहे. शेडच्या दाराला माझा एक केस थुंकीने चिकटवून ठेवला आहे.

संध्याकाळी विटोमीर कुंपणावरून डोकावला. नेबोयशा, बघू का जरा? मी म्हटलं, नको विटोमीर काका, सगळं ठीक आहे. (रोजनिशीत मी त्याला काका म्हणत नाही.) सरळ हेरगिरी.

१० ऑक्टोबर.
सूड, भाग एक. विटोमीरने वाण्याच्या दुकानात चिठ्ठी लावली आहे, 'सरपण कापून मीळेल'. एका ओळीत एक आणि पुढच्या ओळीत दोन चुका. लाल शाईने तिन्ही दुरुस्त केल्या, म्हणजे माणूस किती शिकला आहे ते गावाला कळेल. खाली फोन नंबर ओलीने पसरला होता, वाचता येत नव्हता. अर्धवट काम मला बघवत नाही. तोही वळणदार अक्षरात पुन्हा लिहिला.

१३ ऑक्टोबर.
वाणी सांगत होता, चिठ्ठी वाचून विटोमीरला सात जणांनी फोन केले. सातही आजोबांच्या वहीतले. उरले तेवीस.

केस जागेवर आहे. म्हणजे तो खिडकीतून येतो.

१४ ऑक्टोबर.
ओब्रेनशी भांडण. सील खराब निघालं, बदलून दे, म्हटलं. त्याने ते उजेडात धरून फिरवलं आणि म्हणाला, हे सील माझ्या लग्नात घालण्याइतकं चांगलं आहे. बदलून दिलं नाही. दुसरं घेतलं, ३८०. त्याच्याशी बोलणं बंद. दाराबाहेर आल्यावर आठवलं की तेल राहिलं. परत आत जाऊन बोट दाखवून घेतलं.

१६ ऑक्टोबर.
दुसरं सील. पंचवीस मिनिटं. प्रगती आहे, पण हळू.

आई म्हणाली, विटोमीरला विचार ना, चाळीस वर्षं तेच करतोय तो. मी म्हटलं, आई, ज्याने घर फोडलं त्यालाच कुलूप विचारू का? आई म्हणाली, कुणाचं घर फुटलं? तिला या गोष्टी कळत नाहीत.

२० ऑक्टोबर, मंगळवार.
दिवसभर समोरच्या उतारावरून त्याच्या करवतीचा आवाज. अंगणं उरली चौदा. खिडकीच्या कडेला पीठ भुरभुरलं. सकाळी पिठात पावलं. आमची मांजर. पण मांजर खिडकीकडे गेली का, हा प्रश्न राहतोच.

२६ ऑक्टोबर.
तोड सुचली. ट्रॅक्टर पंचवीस मिनिटं कोरडा चालतो. मग पंचवीस मिनिटं कापायचं, थांबायचं, पट्टा पुसायचा, पुन्हा कापायचं. आणि उद्या सेंट पेत्काचा दिवस, त्या दिवशी काम करणं पाप. उद्या विटोमीर करवतीला हात लावणार नाही, कोणीच लावणार नाही. सगळा डोंगर एकट्या माझा. इतकं सोपं आजवर कोणाला कसं सुचलं नाही?

२७ ऑक्टोबर, सेंट पेत्का.
सकाळी सात वाजता देसांका काकूंच्या बहिणीच्या अंगणात ट्रॅक्टर उभा केला. मिलेवा काकू डोक्याला रुमाल बांधून देवळात निघाल्या होत्या. करवत बघून त्या पायरीवर बसल्या. म्हणाल्या, आज मी सुईत दोरा ओवत नाही आणि तू माझ्या दारात करवत लावतोस? माझे गुडघे आधीच गेलेत, आता काय संताच्या कोपाने डोळेही घालवतोस? मी समजावलं की पाप माझं, लाकडं तुमची, हिशोब वेगळा. त्यांनी चप्पल हातात घेतली.

परत येताना देवळासमोरून यावं लागलं. दुसरा रस्ता नाही. लोक बाहेर उभे होते, आणि मी करवतीसकट. विटोमीरने टोपी काढून कपाळ पुसलं आणि बायकोला काहीतरी म्हणाला. ओठांवरून वाचलं, 'बिचारा' असावं. अपमान क्रमांक सहा.

उरली नऊ. मिलेवा काकूंचंही गेलं असं धरलं तर आठ. धरत नाही.

२ नोव्हेंबर.
बेलग्रेडहून मागवलेलं दोन ओठांचं सील बसने आलं. १,१५० दिनार. त्या दुकानदाराने फोनवर सांगितलं, हे तर बोटीतही चालतं. बसवलं. नवा पट्टाही घातला.

तेवीस मिनिटं.

माझा आता कोणावरच विश्वास नाही. बोटींवरही नाही.

६ नोव्हेंबर, शुक्रवार.
सकाळच्या बसने शहरात. सीलभोवती लावायचं लुकण मिळतं का बघायला. नऊ दुकानं फिरलो. शेवटच्या बसने परत. आई दमलेली दिसली, केसांत भुसा होता. विचारलं नाही. तीही माझ्याशी फारसं बोलत नाही.

परवा आमची स्लावा, आमच्या घराच्या संताचा दिवस. विटोमीर येणार. स्लावाला बोलावणं नसतंच, त्यामुळे नाकारताही येत नाही. एकदा आलेला दरवर्षी येतो आणि त्याला बसवून खाऊ घालावं लागतं. या पद्धतीत ही मोठी उणीव आहे.

सूड, भाग दोन. जागा: दारापाशी, वाऱ्यात. वाइन: दोन वर्षांपूर्वीची, आंबट. मांस: कोपऱ्यातला तुकडा, हाडाचा. आणि त्याच्याशी फक्त हवामानावर बोलायचं.

८ नोव्हेंबर, मित्रोवदान. रात्री.
विटोमीर दुपारी आला, नवा कोट घालून. दारापाशी बसवला. म्हणाला, बरं केलंस, सिगरेट ओढायला सोपं. आंबट वाइन दोन पेले प्यायला. म्हणाला, अशी आता कोणी करत नाही. हाड चोखून खाल्लं आणि अजून मागितलं. मी म्हटलं, यंदा थंडी लवकर आली. तो म्हणाला, हो ना, चल, तोवर ट्रॅक्टर बघू.

स्लावाच्या पाहुण्याला नाही म्हणता येत नाही. टेबलावरचे सगळे पाहुणे मागे मागे शेडमध्ये आले, हातात पेले घेऊन.

त्याने कोट आईकडे दिला, इंजिन चालू करायला लावलं आणि सीलकडे बघितलंसुद्धा नाही. नळीवरच्या प्लास्टिकला बोट लावलं. ते टम्म फुगलं होतं. म्हणाला, अरे शेजाऱ्या, तू तर याचं नाक बांधलंस. मग हा श्वास सोडणार कुठून? जिथे जागा मिळेल तिथून, तेल घेऊन. मी विचारलं, आणि भुसा? त्यावर तो भिंतीला टेकला, बूट काढला, उजव्या पायातला नवा काळा मोजा काढला आणि नळीच्या तोंडाला बांधला. तारेचा एक वेढा. मग अनवाणी पाय बुटात घालून जेवायला गेला.

मी तासभर थांबलो. एक थेंब नाही. दीड तास. नाही.

सगळे आत हसत होते. कशावर ते माहीत नाही.

शांतपणे विचार केला. मुळात सील मीच बसवलं आहे. त्याने फक्त प्लास्टिक काढलं. वहीत अजून तीन नावं आहेत, आजोबांच्या सर्वात जुन्या घरांची. उद्या सूर्य उगवायच्या आत. तीन तर तीन, पुढच्या वर्षी तिथूनच सुरुवात.

९ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ११ वाजता.
ट्रॅक्टर उत्तम चालला. पहिल्या घरी सरपण कापून रचलेलं होतं. दुसऱ्या घरीही. वर ताडपत्री. तिथल्या म्हातारबाबांनी विचारलं, आजोबांचा का रे हा? काय गोड चालतोय. एक ग्लास रकिया, घरची दारू, दिली.

तिसरं नाव वहीच्या शेवटच्या पानावर होतं. आजोबांनी स्वतःच्या घराचंही लिहून ठेवलं होतं. घरी येऊन मागच्या भिंतीला वळसा घातला. महिनाभर मी शेडच्या पलीकडे गेलोच नव्हतो. चौदा घनमीटर लाकूड, एकसारखे तुकडे, छपरापर्यंत नीट रचलेलं. आई म्हणाली, शुक्रवारी विटोमीरने कापलं, मी हाताखाली होते. बर्फ काय तुझ्या सीलसाठी थांबणार आहे? आणि त्याला म्हटलं, पुढच्या वर्षीही तूच ये.

झालेला खर्च:
सील तीन, १,९१०
तेल बारा लिटर, ३,०००
पट्टा, ९००
बसभाडं, ६७०
देसांका काकूंच्या चादरी चार, २,४००
अभ्रा, १५० (फक्त कोपरा, पण काकू ऐकत नाहीत)
एकूण ९,०३० दिनार.

मिळकत: नाही.

देणं: विटोमीर काकांना, आमचं सरपण कापल्याबद्दल, चौदा घनमीटर, दर २२०. तीन हजार ऐंशी.